टेबलाखालचा तीरकामठा

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत इतिहासाचं प्रदर्शन होतं आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलांना सांगितलं होतं की घरात जे काही जुनं असेल ते घेऊन या. कुणी अडकित्ता आणला, कुणी पितळी पानदान, कुणी मोडीतले कागद, कुणी दादीचे चांदीचे वाळे. यावल तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून येणाऱ्या तडवी मुलाने गोणपाटात गुंडाळून आजोबांचा तीरकामठा आणला. सोबत पाच बाण. सकाळी बसमध्ये कंडक्टरने दोनदा विचारलं म्हणे, काय आहे रे त्यात?

पाहुणे यायच्या आधी फेरी मारणाऱ्या एका वरिष्ठाने तो पाहिला आणि म्हणाले, "हे शस्त्र आहे. समोर नको." शेजारच्याच टेबलावर प्लायवूडच्या चार तलवारी होत्या, थर्माकोलची तोफ होती. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मी वाद घातला नाही. तीरकामठा उचलला आणि टेबलाखाली, चादरीच्या आड सरकवला. मुलगा तिथेच उभा होता. दुपारपर्यंत तो आपल्या टेबलापाशी थांबला, मग कुठे गेला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी मीच तीरकामठा घेऊन त्याच्या गावी गेलो. त्या दिवशी जे ऐकलं आणि त्यानंतर जे वाचलं, ते सगळं एकदा लिहून काढायचं होतं. म्हणून हा लेख.

आजोबा ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या आसपास वय, डाव्या दंडावर खांद्यापासून कोपरापर्यंत जुना व्रण. सलाम-दुआ झाली, काळा चहा आला. मी माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हात हलवून विषयच बदलला आणि तीरकामठा मांडीवर घेतला. "सर, याची दोरी बघितली का?" मी खरंच बघितली नव्हती. दोरी सुताची नव्हती, तातीचीही नव्हती. बांबूच्या वरच्या सालीची पातळ, चिवट पट्टी होती ती. धनुष्य बांबूचं आणि दोरीही बांबूची. टोकांना तेवढी बांधणी. बाण बोरूचे, लोखंडी पात्याचे, मागे मोराची पिसं. मासे मारायच्या बाणाचं टोक सुटं असतं आणि ते दोरीने काडीला बांधलेलं असतं, हे त्यांनीच सांगितलं. मासा टोक घेऊन खाली जातो, काडी पाण्यावर तरंगत राहते, आणि मासा कुठे आहे ते दिसतं.

बादशाही धनुष्याबद्दल मी पुस्तकांतून वाचलं होतं. लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायू सरसाने चिकटवून केलेलं ते संयुक्त धनुष्य. आकाराने लहान, ताकदीने जबरदस्त, घोड्यावरून मारायला सोयीचं. दोरी अंगठ्याने ओढायची आणि अंगठा कापू नये म्हणून त्यात अंगठी घालायची. संगेयशबच्या, रत्नं जडवलेल्या अशा अंगठ्या आजही संग्रहालयांत दिसतात. पण या धनुष्याला एक शत्रू आहे, ओलावा. सरस सैल पडला की संपलं. बांबूच्या कामठ्याला पावसाळ्याचं भय नाही. मोडला तर दुसरा दुपारपर्यंत तयार. आणि भिल्ल बाण ओढतो तो अंगठा न लावता, पहिल्या दोन बोटांत धरून. त्यावरून एकलव्याची गोष्ट सांगतात, तुम्हाला ठाऊकच आहे. मी ती आजोबांना विचारली. ते हसले आणि म्हणाले, "अंगठ्याने नेम हलतो म्हणून नाही लावत."

मग मी तो प्रश्न विचारला जो शहरातला माणूस विचारतोच. चाचा, वाघ मारला का कधी?

"वाघाला कोण मारतं बाणाने?" ते म्हणाले. मग बराच वेळ समजावून सांगितलं, मी इथे थोडक्यात लिहितो. गोळी जनावराला धक्का देते, हाड फोडते, कधी जागेवर बसवते. बाण तसं करत नाही. बाण कापतो. रक्त वाहतं, जनावर पळतं आणि दूर कुठेतरी जाऊन पडतं. हरणाच्या बाबतीत ठीक आहे, बसून राहायचं, चिलीम ओढायची, मग माग काढत जायचं. पण जे जनावर उलटून अंगावर येतं त्याच्यासमोर बाण सुटल्यानंतरचा वेळ तुमचा नसतो. रानडुक्कर, अस्वल, बिबट्या, वाघ यांच्यावर एकट्याने बाण टाकणं म्हणजे मरणाला बोलावणं. म्हणून डुकरावर जायचं तर पाच-सहा जण, वाऱ्याची दिशा बघून, झाडाच्या किंवा खडकाच्या आडून, वीस-पंचवीस पावलांच्या आत. आणि जखमी डुक्कर दाट झुडपात शिरलं तर त्याच्यामागे लगेच जायचं नाही. तरुण पोरं जातात. आणि फाटतात.

दंडावरचा व्रण मात्र शिकारीचा नव्हताच. मोहाची फुलं वेचायला पहाटे गेले असताना अस्वलाशी गाठ पडली. अस्वलही फुलं खायलाच आलं होतं. कामठा त्या दिवशी घरी होता.

डुकरं त्यांनी मारली, शेतात उभी ज्वारी आडवी करायची म्हणून. मांस पावरा शेजारी घेऊन जायचे. "आम्ही हात लावत नव्हतो. पण बाण सोडताना बिस्मिल्ला म्हणायचो." मी म्हटलं, खायचं नसताना बिस्मिल्ला? ते म्हणाले, "जीव तर जातोय ना."

मी दीनियातचा अभ्यास केलेला माणूस, तरी गप्प झालो. आपल्या फिकहच्या किताबांत शिकारीचं स्वतंत्र प्रकरण असतं आणि त्यात बाणाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. तय्य कबिल्याचे अदी बिन हातिम हे स्वतः शिकारी. त्यांनी रसूलुल्लाहना विचारलेले प्रश्न बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहेत. बाण टोकाने लागून रक्त काढतो तेव्हा शिकार हलाल, आडवा लागून नुसत्या माराने जनावर मेलं तर नाही. एक-दोन दिवसांनी सापडलं आणि अंगावर तुझ्याच बाणाची खूण असेल तर चालेल. पाण्यात पडून सापडलं तर सोडून दे, कारण बाणाने मेलं की बुडून, हे तुला माहीत नाही. आजोबांनी सांगितलेलं माग काढण्याचं शास्त्र आणि हे प्रश्न एकाच तऱ्हेच्या माणसांचे आहेत. रानात फिरणाऱ्या माणसालाच असे प्रश्न पडतात. सुळेवाल्या हिंस्र जनावरांचं मांस मना आहे. जिवंत प्राण्याला निशाण म्हणून बांधायला तर साफ मनाई. म्हणजे वाघाची शिकार धर्माच्या हिशेबात जेवणासाठी नाहीच. वाघ मारायचा तर कारण हवं, जीव किंवा गुरं वाचवण्याचं. शौक हे कारण कुठे बसतं, हे ज्याचं त्याने बघावं.

शौकाची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या खानदेशाच्या सल्तनतीची सुरुवातही शिकारीनेच झाली, हे किती जणांना माहीत आहे? फिरिश्ताने ती हकीकत दिली आहे. फिरोजशाह तुघलक गुजरातेत शिकारीच्या मागे लांब गेला आणि साथीदारांपासून तुटला. भुकेने हैराण झाला. तिथे एक साधा शिपाई, मलिक राजा, स्वतः थोडे कुत्रे घेऊन शिकार करत होता. त्याने सुलतानाला ओळख न विचारता खाऊ घातलं. त्या जेवणाच्या बदल्यात पुढे १३७० साली त्याला थाळनेर आणि करवंद ही ठाणी मिळाली. दोन्ही आजच्या शिरपूर तालुक्यात. तोच फारुकी घराण्याचा मूळ पुरुष. १३९९ मध्ये तो वारला, त्याच्या घराण्याचे मकबरे थाळनेरला तापीकाठी आहेत. मुलगा नसीरखान, त्याचं बुऱ्हाणपूर. १६०१ मध्ये असीरगड अकबराकडे गेला आणि फारुकी संपले.

आमच्याकडे जलसा असो, वक्तृत्व स्पर्धा असो, फारुकींचं नाव येतंच. यायलाही हवं. पण थाळनेरच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो आणि त्या डोंगरातल्या वाटा, पाणवठे, जनावरांची ये-जा ज्यांना माहीत होती त्यांच्याशिवाय कुठल्या सुलतानाला या मुलुखात शिकार करता आली असती, हे आम्ही विचारत नाही. मोगलांचंही तेच. जहांगीरने तर हिशेब ठेवून घेतला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत त्याच्या समोर २८,५३२ जनावरं मारली गेली, त्यातली १७,१६७ त्याने स्वतः, त्यात ८६ वाघ. १६१७ मध्ये मांडूजवळ नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ पाडले, तेही त्याने कौतुकाने लिहून ठेवलं. हाका घालणाऱ्यांचा हिशेब मात्र त्या यादीत नाही. हाका म्हणजे काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा. बादशहा हत्तीवर किंवा मचाणावर, आणि झुडपातून वाघाच्या दिशेने पायी चालत जाणारी माणसं ढोल वाजवत, ओरडत. धोका कुणाला जास्त, हे सांगायला नको.

इंग्रज आले तेव्हा खानदेश उजाड होता. १८०३ मध्ये होळकरांच्या फौजांनी लुटलेला, वर दुष्काळ. शेतं पडीक, गावं ओस, जंगल गावात घुसलेलं. १८२२ मध्ये तीन महिन्यांत वाघांनी आणि इतर जनावरांनी पाचशे माणसं आणि वीस हजार गुरं मारली, असा आकडा खानदेशच्या गॅझेटियरमध्ये आहे. म्हणून मी वाघ मारणाऱ्या प्रत्येकाला खलनायक ठरवणार नाही. ज्या गावात दर आठवड्याला जनाजा किंवा तिरडी निघते तिथे वाघ मारणारा हवाच असतो.

असा एक माणूस १८२५ मध्ये आला. जेम्स औट्रम, वय बावीस. कंपनी सरकारला भिल्लांचा बंदोबस्त लढाईने जमत नव्हता. १८१८ पासून सात वर्षं झाली होती, तुकड्या डोंगरात जायच्या, तापाने आजारी पडून परत यायच्या. गव्हर्नर एल्फिन्स्टनने ठरवलं की भिल्लांचीच पलटण उभी करायची. हे काम औट्रमकडे आलं. तो डोंगरात गेला, त्यांच्यात राहिला, मेजवान्या दिल्या, आणि मुख्य म्हणजे त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. पहिल्या खेपेला नऊ जण भरती झाले. पुढे त्याच नऊंतून भिल्ल पलटण झाली. ठाणं धरणगाव, आपल्या जळगाव जिल्ह्यातलं. १८२५ ते १८३४ या काळात औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी दोनशेहून जास्त वाघ मारले. अस्वलं, बिबटे वेगळे.

त्याच्या चरित्रात एक प्रसंग आहे. वाघ अशा अडचणीत बसला होता की जमिनीवरून नेम धरता येईना. मग भिल्लांनी आपली पागोटी सोडून एकमेकांना बांधली, त्याचा दोर केला आणि साहेबाला झाडाच्या फांदीवरून लटकवलं. लटकत्या साहेबाने वाघ मारला. शौर्य होतंच, मी नाकारत नाही. पण वाघ कुठे बसला आहे हे कुणी शोधलं? तेवढ्या अंतरावर जाऊन झाडावर कोण चढलं? दोर कुणी धरून ठेवला? चरित्र औट्रमचं आहे.

हाच औट्रम पुढे लखनौला रेसिडेंट झाला. १८५६ मध्ये अवध खालसा करण्याचा तह घेऊन वाजिद अली शाहसमोर तोच उभा होता. शाहने सही केली नाही, डोक्यावरचा मंदील काढून त्याच्या हातात दिला. लखनौची ही गोष्ट आम्हा उर्दूवाल्यांना पाठ असते आणि ती सांगताना आमचा गळा भरून येतो. खानदेशातली पागोटी मात्र मला चाळिशी जवळ येईपर्यंत माहीत नव्हती.

धुळ्याहून संभाजीनगरला जाताना चाळीसगावच्या पुढे जो घाट लागतो त्याला आजही औट्रम घाट म्हणतात. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेही गौताळा-औट्रमघाट याच नावाने. दोनशेहून जास्त वाघांच्या शिकारीशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, त्याच्या नावाने अभयारण्य. मला राग नाही येत, हसू येतं.

ज्या भिल्लांनी पलटणीत न जाता आपला तीरकामठा आपल्यापाशी ठेवला त्यांचं काय झालं? सत्तावनच्या धामधुमीत खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या आंबापाणीला लढाई झाली. भिल्लांच्या बाजूने अरब आणि मकरानी शिपाईही लढले. आमच्या व्याख्यानांत तेही येत नाहीत, कारण ते ना दिल्लीचे ना लखनौचे. बाणांपुढे बंदुका होत्या. निकाल ठरलेला होता.

आणि मग १८७८. या एका वर्षात दोन कायदे झाले. जंगलाचा कायदा, ज्याने राखीव जंगलात शिकार, मासे मारणं, फासे लावणं हे सगळं सरकारच्या परवानगीवर नेऊन ठेवलं. आणि हत्यारांचा कायदा. हत्यारं म्हणजे काय याची व्याख्या त्यात दिली आहे. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, आणि त्याच ओळीत धनुष्य-बाण. हे वाचलं तेव्हा मला आमचं प्रदर्शन आठवलं. "हे शस्त्र आहे, समोर नको." बोलणाऱ्याला या कायद्याची खबरही नसणार. १९५९ च्या आजच्या कायद्यात धनुष्याचा असा नाव घेऊन उल्लेखही नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वीची नजर तशीच उतरत आली होती. सरकवणारा हात माझा होता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. साहेबांच्या, संस्थानिकांच्या, मग नव्या पुढाऱ्यांच्या शिकारी परवाने काढून चालू राहिल्या. आजोबाही तरुणपणी दोन-तीनदा हाक्याला गेले होते. रोज दीड रुपया आणि जेवण. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. चांगलं झालं, वाघ उरलेच कुठे होते? यावलचं अभयारण्य तर त्याआधीचं, १९६९ चं. आता मुक्ताईनगरकडे वढोद्याच्या रानात वाघाच्या बातम्या येतात तेव्हा मलाही बरं वाटतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना जंगलावरचे परंपरागत हक्क दिले, त्यातून शिकार स्पष्टपणे वगळली. त्यावरही माझी तक्रार नाही, आजोबांचीही नव्हती. "आता मारायचं काय, बघायलाही मिळत नाही," एवढंच ते म्हणाले. माझी तक्रार आहे ती हिशेबाची. हजारोंनी मारणाऱ्यांच्या नावाने घाट आहेत, मकबरे आहेत, आत्मचरित्रं आहेत. डुक्कर मारताना बिस्मिल्ला म्हणणाऱ्याचा तीरकामठा टेबलाखाली.

आणि यात आपलाही वाटा आहे, हे कडू असलं तरी लिहितो. गॅझेटियर तडवींचं धर्मांतर औरंगजेबाच्या काळाशी जोडतं. खरं असेल तर तीनशेहून जास्त वर्षं झाली. तरी आपल्या मोहल्ल्यात तडवींना 'अर्धे' म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. रिश्त्याची गोष्ट निघाली की चेहरे बदलतात. तडवी भिल्ल हे अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. त्या यादीला धर्माची अट नाही, त्यामुळे ते मुसलमानही आहेत आणि आदिवासीही, पूर्णच्या पूर्ण. दुसरीकडून काही लोक त्यांना सांगतात की तुम्ही आदिवासी उरला नाहीत. म्हणजे दोन्हीकडून मोजपट्टी लावायला माणसं तयार. त्या मुलाने शाळेत कधी आपलं आडनाव मोठ्याने सांगितलं नव्हतं, हे मला त्या रविवारी त्याच्या ओट्यावर बसल्यावर लक्षात आलं.

तो सोमवारी शाळेत आला. दहावी झाला, पुढे आयटीआय केलं, आता भुसावळला नोकरीला आहे. आजोबा चार वर्षांपूर्वी गेले.

मागच्या प्रदर्शनात त्याच्या धाकट्या बहिणीने तोच तीरकामठा आणला. तोच गोणपाट. या वेळी मी मधलं टेबल रिकामं ठेवलं होतं. चिठ्ठी तिलाच लिहायला सांगितली. तिने स्केचपेनने लिहिलं, "तीरकामठा. बांबूचा. दोरीही बांबूचीच. माझ्या आजोबांचा. हात लावून पाहा." दिवसभर पोरांची रांग होती. नववीतली दांडगी मुलं दोरी चढवायचा प्रयत्न करत होती, एकालाही जमत नव्हतं. शेवटी तिनेच पायाच्या अंगठ्यात टोक दाबून, गुडघ्याने बांबू वाकवून दोरी चढवली आणि पुन्हा उतरवून ठेवली. दोरी चढवून ठेवली तर बांबू मऊ पडतो, म्हणाली.